तळ्यावर गेलो, दवाखाना राहिला

सध्या आपल्या प्रत्येक वस्तीच्या तोंडाशी एक बॅनर उभा आहे. वरच्या कडेला बुद्ध, फुले, शाहू, बाबासाहेब, पोस्टाच्या तिकिटाएवढे. खाली भाऊ. भाऊ कमरेपासून वर, हात जोडलेले, हसलेले, माणसाहून मोठे. मजकूर ठरलेला. 'भव्य मोफत आरोग्य शिबीर. बी.पी., शुगर, डोळे तपासणी, चष्मे वाटप. आयोजक : गोरगरिबांचे कैवारी, आरोग्यदूत.' दूत म्हणे! यांना कुणी धाडलं आणि निरोप काय दिला, हे विचारायची आपल्याकडं चाल नाही. म्हणून मी विचारतोय.

एक आधीच सांगून टाकतो. शिबिरात जाणाऱ्या माणसाशी माझं भांडण नाही. म्हातारीला दिसत नाही, फुकट चष्मा मिळतोय, तिनं घ्यावा. जिला तहान लागली तिनं ओंजळ पुढं केली म्हणून ती लाचार होत नाही. लाचार करतो तो पाणी वरून ओतणारा. माझं भांडण त्याच्याशी आहे. आणि थोडं तुमच्याशीही आहे. कारण आता जयंतीच्या मंडपातसुद्धा हाच बॅनर लागतो आणि त्याची दोरी आपलीच पोरं बांधतात.

ओंजळ म्हटलं की आपल्या रक्तात काहीतरी हलतं. आपल्या आज्या-पणज्यांना पाणी कसं मिळायचं ते आपल्याला शिकवावं लागत नाही. विहिरीच्या काठावर तासन् तास उभं राहायचं. कुणी दयाळू सवर्ण बाई आली तर ती वरून, अंतर राखून, आपल्या भांड्यात ओतायची. पाणी मिळायचंच नाही असं नव्हतं. मिळायचं. पण तिच्या मर्जीनं, तिच्या वेळेनं आणि आपली मान खाली असताना.

बाबासाहेबांनी महाडात काय मागितलं? एक घागर जास्त ओता, असं मागितलं का? चवदार तळ्याचं पाणी वस्तीत टँकरनं पाठवा, असं म्हणाले का? २० मार्च १९२७ ला ते पायऱ्या उतरून तळ्यात गेले आणि आपल्या हातानं पाणी घेतलं. मागं हजारो माणसं. भांडण नुसतं पाण्याचं नव्हतं, पायऱ्यांचं होतं. तळं सार्वजनिक आहे, मी सार्वजनिकांतला आहे, मग मधे ओतणारा कशाला?

आता महाडच्या आधीची गोष्ट, जी आपण भाषणात नुसती उरकतो. महाडच्या तळ्याला कायद्याचा आधार होता तो बोले ठरावाचा. रावबहादूर सीताराम केशव बोले. मुंबईतले भंडारी समाजातले पुढारी, कामगार हितवर्धक सभेतले, गिरणगावच्या कामगारांत वावरलेले. आजच्या भाषेत लोकल पुढारी. ४ ऑगस्ट १९२३ ला त्यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मांडला आणि तो पास झाला. त्यात काय होतं? सरकारी पैशानं बांधलेले किंवा सरकारनं नेमलेल्या, कायद्यानं झालेल्या संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करा. आणि त्याच ठरावात, पुढं, सार्वजनिक शाळा, कोर्टं, कचेऱ्या, आणि दवाखाने.

वाचलंत ना? दवाखाने.

पाणवठा आणि दवाखाना एकाच ठरावात, एकाच दिवशी, एकाच माणसाच्या तोंडून आले. तळ्यावर आपण गेलो. शाळेत लढत लढत शिरलो. कोर्टात शिरलो, कचेरीत शिरलो. त्या यादीतला शेवटचा शब्द मात्र आपण भाऊंच्या ताब्यात सोडून दिला. शंभर वर्षं उलटून गेली. दवाखान्याच्या पायऱ्यांवर आपण अजून ओंजळ धरून उभे आहोत आणि भाऊ वरून ओततोय.

ओततो कसा, ते बघू. एक शिबीर मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून बघितलं. रातपाळी करून आलो होतो, झोप उडाली होती. शाळेच्या पटांगणात मंडप. भाऊंचं भाषण लांबलचक. डॉक्टर पोरगं शिकाऊ, त्याच्यापुढं रांग. एका माणसाला किती वेळ मिळतो? पट्टा बांधायचा, फुगवायचा, आकडा लिहायचा, पुढचा. ज्याची शुगर जास्त निघाली त्याला काय मिळालं? एक चिठ्ठी. चिठ्ठीवर एका खाजगी दवाखान्याचा पत्ता. शुगर काही एका दिवसाचा पाहुणा नाही. ती जन्माची बायको आहे, रोज गोळी मागते. आजची तपासणी फुकट, उद्यापासून मरेस्तोवरचं गिऱ्हाईक पक्कं. आणि ज्या शाळेत मंडप घातला होता तिच्या पलीकडच्या गल्लीत महापालिकेचा दवाखाना होता. त्याला कुलूप होतं. रविवार होता म्हणून नव्हे. डॉक्टरची बदली झाली होती आणि दुसरा आलाच नव्हता. भाऊ त्याच वॉर्डाचे. भाऊंना ते कुलूप दिसलं नाही. कुलुपावर फोटो लावायला जागा नसते ना!

हा सगळा धंदाच तसा आहे. कुलूप उघडलं तर शिबिराची गरज काय? दवाखान्यात रोज डॉक्टर बसला, खिडकीत रोज गोळी मिळाली, तर माणूस भाऊंच्या दारात कशाला येईल? म्हणून कुलूप पाहिजे. कुलूप हे भाऊंचं भांडवल आहे. गिरणीमालकाला जसा दाराबाहेर उभा असलेला बदली कामगार लागतो, तसा या पुढाऱ्याला दवाखान्याबाहेर अडलेला पेशंट लागतो.

दुसरी गोष्ट पत्राची. आमच्या सूतगिरणीत कार्डिंग खात्यात एकजण आहे, नाव सांगत नाही, बिचाऱ्याला अजून तिथंच काम करायचंय. सुट्टीनंतर कामावर आलं की त्याची छाती आवळते. सोमवारी जास्त, मग आठवडाभर जरा कमी. आम्ही म्हणायचो, सोमवारचा ताप आलाय. नंतर मी वाचलं तर कळलं, जगभरच्या गिरण्यांत त्याला हेच नाव आहे. कापसाच्या धुळीनं फुप्फुस आक्रसतं, रोगाचं नाव बिसिनोसिस. सुरुवातीला सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी दम लागतो, पुढं रोज, पुढं कायमचा. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या यादीत हा रोग घातलेला होता. पण यादीतला रोग डॉक्टरनं कागदावर लिहिला तर भरपाई! लिहितो कोण? टी.बी. म्हणतात, दमा म्हणतात, विडी सोड म्हणतात. हा तर विडी पीतच नाही.

एका रात्री त्याला श्वास पुरेना. जवळच्या एका ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलात नेला. डिपॉझिट भरा म्हणाले. आम्ही चौघांनी खिसे झाडले, निघाले किती ते सांगायची लाज वाटते. मग तिथल्याच एका वॉर्डबॉयनं कानात सांगितलं, पत्र आणा. पहाटे भाऊंच्या दारात. भाऊ आंघोळीला, थांबा. भाऊ पूजेला, थांबा. मग पत्र मिळालं. देताना फोटो काढला. पत्र घेऊन गेलो तर खाट मिळाली. खाट रिकामी होती, मित्रांनो. पत्र यायच्या आधीही ती रिकामीच होती.

ती खाट कुणाची? नीट ऐका, आणि प्रत्येक वस्तीत हे सांगा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५०. त्यात कलम ४१ कक. धर्मादाय हॉस्पिटलनं दहा टक्के खाटा निर्धन पेशंटसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवायच्या. २००६ साली मुंबई हायकोर्टानं यासाठी योजना घालून दिली. बिलांच्या दोन टक्के रक्कम गरीब पेशंटांच्या निधीत टाकायची, हेही त्यात आलं. या हॉस्पिटलांना धर्मादाय म्हणून सरकारच्या सवलती मिळतात, त्या बदल्यातली ही खाट. ती भाऊंच्या बापाची नाही. ती त्या कार्डिंगवाल्याची होती. त्याच्याच मालकीची वस्तू मधेच उचलून, तिच्यावर आपलं पत्र ठेवून, भाऊंनी त्यालाच भीक म्हणून दिली. आणि आता त्याच्या घरातली पाच मतं भाऊंची. विचारलं तर म्हणतो, "अरे, त्यानं जीव वाचवला माझा." काय उत्तर देणार? जीव वाचलाय हे खरंच आहे. हा डाव असा जीवघेणा आहे. हक्क चोरायचा आणि उपकार म्हणून परत विकायचा.

तुम्ही म्हणाल, तू नुसताच शिव्या देतोस. पुढारी सगळे असेच, मग करायचं काय? थांबा. पुढारी सगळे असेच नसतात. मी एका पुढाऱ्याची गोष्ट सांगतो, तो आपल्यातला नव्हता, आपल्या देशातलाही नव्हता. पण तो कामगार होता, शिक्षण अर्धवट सुटलेला होता, आणि बोलताना अडखळायचा. म्हणून मला तो जवळचा वाटतो.

वेल्समधलं ट्रेडेगर नावाचं गाव. कोळशाच्या खाणी आणि लोखंडाचे कारखाने. तिथं १८९७ साली अन्यूरिन बेवन जन्मला. बाप खाणकामगार. पोरगं तेराव्या वर्षी खाणीत उतरलं. जे शिकला ते कामगारांच्या वाचनालयातली पुस्तकं वाचून. बापाच्या फुप्फुसात कोळशाची धूळ बसली आणि १९२५ साली तो मेला. भरपाई मिळाली नाही, कारण तेव्हा त्यांच्या कायद्याच्या यादीत तो रोग धरलेला नव्हता. आमच्या कार्डिंगवाल्याचा रोग यादीत आहे पण कागदावर येत नाही. धूळ काळी असो की पांढरी, मालकाचा हिशेब एकच.

त्या गावात कामगारांनी १८९० साली एक वैद्यकीय सोसायटी काढली होती. पगाराच्या प्रत्येक पौंडामागे तीन पेन्स. पौंडाचे तेव्हा दोनशे चाळीस पेन्स, म्हणजे शंभराला सव्वा. त्या पैशातून डॉक्टर नेमलेले, दवाखाना चालवलेला, चष्मे, दात, सगळं. डॉक्टर कामगारांचा नोकर. मालकाची चिठ्ठी नाही, पाद्र्याची शिफारस नाही. वर्गणी भरणाऱ्याला आणि त्याच्या घरच्यांना दार उघडं. हळूहळू जवळजवळ सगळं गावच तिच्यात आलं. बेवन १९२२ साली तिथल्या नगर कौन्सिलवर निवडून आला आणि हॉस्पिटलच्या समितीवर बसला. म्हणजे आपल्या भाषेत नगरसेवक. भाऊ ज्या खुर्चीवर बसतात तीच खुर्ची.

१९२९ साली तो पार्लमेंटमध्ये गेला. १९४५ साली मजूर पक्षाचं सरकार आलं आणि बेवन आरोग्यमंत्री झाला. त्यानं शिबिरं घेतली नाहीत. ॲम्ब्युलन्सवर स्वतःचं नाव रंगवलं नाही. त्यानं आपल्या गावची रीत सगळ्या देशाला लावायचा कायदा केला. धर्मादाय आणि नगरपालिकांची अडीच हजारांवर हॉस्पिटलं सरकारच्या ताब्यात घेतली. मोठ्या डॉक्टरांनी आकाशपाताळ एक केलं. त्यांच्या संघटनेनं मतदान घेतलं, दहातले नऊ डॉक्टर विरोधात. तो हटला नाही. कुठं वाकवलं, कुठं पैसे देऊन गप्प केलं, पण ५ जुलै १९४८ ला राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. दारात पैसे नाहीत. खाणकामगार असो की लॉर्ड, दवाखाना तोच. खर्च करांतून.

आता 'पैसा कुठून आणायचा' हा प्रश्न घेऊ, कारण भाऊंचा आणि आयुक्तांचा हा लाडका प्रश्न आहे. इंग्लंड तेव्हा महायुद्धातनं नागवं होऊन निघालं होतं. ज्या दिवशी ही सेवा सुरू झाली त्या दिवशी त्या देशात पावसुद्धा रेशनवर होता. पाव मोजून खाणाऱ्या देशानं दवाखाना सगळ्यांना उघडला. मग पैसा हे कारण आहे की सबब?

आणि पुढची गोष्ट खास भाऊंसाठी. तीन वर्षांनी, १९५१ साली, त्याच्याच पक्षाच्या सरकारनं दातांच्या कवळ्या आणि चष्मे यांच्यावर निम्मी रक्कम लावायचं ठरवलं. पैसा शस्त्रांकडं वळवायचा होता. बेवननं मंत्रिपदाचा राजीनामा दिला. चष्म्यासाठी! आमच्याकडं चष्मा वाटून पद मिळवतात. तिकडं एक माणूस चष्म्याला पैसे लावले म्हणून पद सोडून गेला. चष्मा फुकट देणं आणि चष्मा हक्काचा असणं यांतला फरक त्या खाणकामगाराला कळला होता.

कुणी म्हणेल, परक्या देशाचं कौतुक सांगतोस. बरं, आपलं सांगतो. १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात कारखान्यातल्या बाळंतिणींना पगारी विश्रांती देण्याचं बिल आलं. बाबासाहेब त्या बिलाच्या बाजूनं उभे राहिले. त्यांचा मुद्दा काय होता? बाईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा भार सरकारनंही उचलला पाहिजे, आणि तिच्या कामावर नफा कमावतो तो मालकही सुटत नाही. दयेचा शब्द नाही. 'बिचारी' नाही. १९२९ साली तो कायदा झाला. पुढं १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते. त्याच काळात कामगारांच्या आरोग्य विम्याचा अडारकर अहवाल आला आणि त्यातून १९४८ साली राज्य विम्याचा कायदा झाला. ज्याला आपण ई.एस.आय. म्हणतो. बघा, तेच साल. तिकडं सगळ्यांचा दवाखाना, इकडं निदान कारखान्यातल्यांचा.

आज त्याचं काय झालं? जुलै २०१९ पासून कामगाराच्या पगारातले शंभरात पाऊण आणि मालकाचे सव्वातीन रुपये त्यात जातात. खाणकामगाराचे सव्वा, आपले पाऊण. म्हणजे आपण फुकटे नाही, हे आधी डोक्यात घ्या. वर्गणी आपली आहे. पण कंत्राटदार ती कापतो आणि भरतो का, हे बघायला कोण जातं? आणि कचरा वेचणारी, धुणीभांडी करणारी, गटारात उतरणारी, वीटभट्टीवरची, ऊस तोडणारी आपली माणसं? त्यांच्यापर्यंत तो विमा पोचलाच नाही. त्यांच्या वाट्याला भाऊ.

इथं मी एक गोष्ट मुद्दाम सांगणार आहे. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या सरकारी हॉस्पिटलात चोवीस तासांत चोवीस माणसं मेली, त्यात बारा अर्भकं. दोन दिवसांत आकडा एकतीस. महाराष्ट्र हादरला. कारणं चर्चेत आली : औषधं, माणसं, गर्दी, लांबून शेवटच्या घटकेला पाठवलेले पेशंट. मग एक खासदार तिथं पोचले. कॅमेरे होते. खासदारांनी हॉस्पिटलच्या अधिष्ठात्याच्या हाती झाडू दिला आणि त्याच्याकडून संडास साफ करून घेतला. तो अधिष्ठाता आदिवासी समाजातला. पुढं त्याच्या तक्रारीवरून ॲट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला.

मित्रांनो, या एका चित्रात सगळा महाराष्ट्र आला आहे. माणसं मेली म्हणून विधिमंडळात-संसदेत जाऊन डॉक्टर किती कमी, नर्सा किती कमी, औषधाचा पैसा का आटला, हे विचारायचं ज्याचं काम, तो काय करतो? तो झाडू शोधतो. आणि झाडू देतो कुणाच्या हातात? हजारो वर्षं ज्यांच्या हाती दिला त्यांच्यातल्याच एकाच्या. तो डॉक्टर झाला, अधिष्ठाता झाला, तरी संडास म्हटल्यावर तोच आठवतो! लोकांनी त्या खासदाराला शाबासकी दिली. 'काम करणारा माणूस' म्हणाले. संडास साफ झाला असेल. पण खाटेमागं नर्सा किती, हा प्रश्न संडासातच वाहून गेला.

हॉस्पिटलात आपली माणसं कुठं असतात, कधी बघितलंत? खाटेवर असतात आणि खाटेखाली असतात. रक्त पुसणारे, मोरी धुणारे, मढं उचलणारे, शवागारात दरवाजा उघडणारे, बरेचसे आपले. कंत्राटी. त्यांना स्वतःला सुई टोचली, कावीळ झाली, तर रजा नाही. दवाखाना उभा राहतो आपल्या पाठीवर आणि दार उघडतं भाऊंच्या पत्रानं.

कायदा काय म्हणतो? १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कलम ६३ आहे. महापालिकेनं काय काय केलंच पाहिजे याची यादी. त्यात सार्वजनिक दवाखाने आणि रुग्णालयं आहेत. केलंच पाहिजे, जमलं तर नव्हे. राज्यघटनेच्या कलम ४७ मध्ये लोकांचं आरोग्य सुधारणं हे राज्याचं आद्य कर्तव्य म्हटलंय. तुम्ही म्हणाल, ते मार्गदर्शक तत्त्व, कोर्टात चालत नाही. मग १९९६ चा निकाल वाचा. पश्चिम बंगालमधला एक शेतमजूर १९९२ साली रेल्वेतून पडला, डोक्याला मार. एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी त्याला परत पाठवलं. कुठं यंत्र नाही, कुठं खाट नाही. शेवटी खाजगी दवाखान्यात सतरा हजार खर्च झाले. त्याची शेतमजूर संघटना सुप्रीम कोर्टात गेली. कोर्टानं सांगितलं, वेळेवर उपचार न देणं हा कलम २१ चा, जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैसा नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही. त्याला पंचवीस हजार भरपाई दिली. लक्षात घ्या, त्याच्यामागं भाऊ नव्हता. संघटना होती.

आणि महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत असा निर्णय झाला. चांगलं झालं. पण केस पेपर फुकट आणि कपाट रिकामं, तर माणूस चिठ्ठी घेऊन बाहेरच्या दुकानातच जाणार. बोले ठरावाचंही असंच झालं होतं. १९२३ ला पास झाला, त्याच वर्षी सरकारचा हुकूम निघाला, कागद हलला, पाणी हललं नाही. १९२६ ला बोल्यांना पुन्हा उठावं लागलं. ज्या संस्था ठराव पाळत नाहीत त्यांचं सरकारी अनुदान बंद करा, असा दुसरा ठराव आणावा लागला. महाडच्या नगरपालिकेनं १९२४ सालीच तळं खुलं केल्याचा ठराव केला होता. म्हणजे तळं तीन वर्षं कागदावर खुलं होतं! आपण १९२७ ला उतरलो तेव्हा डोकी फुटली, १०८ घागरींनी तळं 'शुद्ध' केलं आणि नगरपालिकेनं ऑगस्टात आपला ठरावच मागं घेतला. मग कोर्ट. दहा वर्षं. १७ मार्च १९३७ ला हायकोर्टात जिंकलो.

यातून मी एवढंच शिकलो. चांगला पुढारी दार उघडायचा ठराव करतो. वाईट पुढारी दारात उभा राहून एकेकाला आत सोडतो. पण ठराव करणारा बोले असला तरी पायऱ्या आपल्यालाच उतराव्या लागतात. पाय आपलेच पाहिजेत.

म्हणून आता कामाचं बोलू. पुढच्या वेळी भाऊ वस्तीत आले की हारतुरे नकोत, शिव्याही नकोत. कागद द्या आणि सही घ्या. कागदावर हे लिहा.

एक. आमच्या वॉर्डातल्या दवाखान्यात मंजूर पदं किती, भरलेली किती, हे दारावर फळ्यावर लिहा. न लिहिल्यास आम्ही माहितीच्या अधिकारात काढू आणि आम्हीच लिहू, भिंतीवर, डांबरानं.

दोन. औषधाचा साठा रोज खिडकीवर. नसलेल्या औषधाचं नाव मोठ्या अक्षरात.

तीन. दवाखाना सकाळी उघडून दुपारी बंद, ही वेळ कुणाच्या सोयीची? दिवसपाळीवाला आणि धुणीभांडीवाली कधी जाणार? खाडा करून गोळी घ्यायची का? संध्याकाळी दवाखाना चालू पाहिजे.

चार. शहरातल्या प्रत्येक धर्मादाय हॉस्पिटलात मोफत आणि सवलतीच्या खाटा किती, आज रिकाम्या किती, ते पहिल्या दारावर. पत्र मागणाऱ्याची लेखी तक्रार धर्मादाय आयुक्तांकडं.

पाच. दवाखान्यातले सफाई कामगार कायम करा. जो दवाखाना आपल्या झाडूवाल्याला उपचार देत नाही तो कुणालाच देत नाही.

सहा. गिरणीत, यंत्रमागावर, गटारात काम करणाऱ्यांची फुप्फुसं दरवर्षी तपासा, आणि जो रोग निघेल त्याचं खरं नाव कागदावर लिहा.

भाऊ यातलं एक जरी सभागृहात मांडतील, आवाज चढवतील, ठरावाची नक्कल आणून दाखवतील, तर मी स्वतः त्यांच्या नावाच्या घोषणा देईन. त्यांचा पक्ष कुठला, जात कुठली, विचारणार नाही. बोले आपल्या जातीचे नव्हते. बेवनला तर आपलं नावही ठाऊक नसेल. पण नक्कल पाहिजे. फोटो नको.

आणि तुम्ही, दोस्तांनो. यंदा जयंतीला एक काम करा. डी.जे.चे पैसे वाचवा असलं प्रवचन मी देत नाही, नाचा. पण दुसऱ्या दिवशी, उतरलेल्या आवाजानं का होईना, पन्नास जण मिळून वॉर्डाच्या दवाखान्यात जा. भाऊंना न सांगता. बरोबर डायरी न्या. डॉक्टर आहे का, गोळी आहे का, पाणी आहे का, बाईला तपासायला पडदा आहे का, लिहा. दुसऱ्या आठवड्यात परत जा. तिसऱ्या आठवड्यात शंभर जण जा. 'कुणाचं पत्र आहे?' असं विचारलं तर सांगा, १९२३ सालचं आहे.

सावित्रीमाई १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर पाठीवर घेऊन दवाखान्यात गेल्या. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि त्या वारल्या. पोराला दवाखान्यात न्यायला त्यांनी कुणाचं पत्र मागितलं नव्हतं. त्यांच्या नावानं जयंत्या करणाऱ्यांनी दवाखान्याबाहेर रांगेत मान खाली घालून उभं राहू नये.

यादीतला शेवटचा शब्द बाकी आहे. उतरा पायऱ्या.

जय भीम!